निकमकाकूंचे देव

सेक्टर बावीसमध्ये निकमांचे घर कुठे, असे विचारले तर खालचा किराणावाला हात वर करून सांगायचा, ‘वो ऊपर, मराठी आंटी.’ गेली तीन वर्षे तो त्याला एक पुस्ती जोडत असे, ‘जिनके घर बाहर वाली लड़की रहती है.’ ही बाहेरची मुलगी म्हणजे ईश्वरी. मॉरिशसहून पंजाब विद्यापीठात फार्मसी शिकायला आलेली, आणि आता शिक्षण संपवून रविवारी परत निघालेली.

रत्नप्रभा निकम स्वतः या शहरात आल्या त्याही तात्पुरत्याच. नवरा शंकरराव केंद्र सरकारच्या लेखा कार्यालयात होता. कऱ्हाडहून निघताना सासूबाईंना सांगितले होते, तीन वर्षांची बदली आहे, संपली की येतो. शंकररावांना हे रुंद रस्ते, झाडांच्या सावल्या आणि नेमून दिलेली शांतता इतकी मानवली की त्यांनी परत जाण्यासाठी कधी अर्जच केला नाही. बरोबरची मराठी कुटुंबे यायची, मुदत संपली की जायची. लष्करातली, हवाई दलातली, बँकेतली. प्रत्येक निघणाऱ्या घराला वाटेत खायला काकूंकडून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी जायची. काही मुलांना चंदीगडची आठवण म्हणून तेवढीच राहिली असेल.

नवरा गेल्यावर त्या घरातच राहिल्या. घर भाड्याचे, पण मालक सरदारजी जुने, घरच्यासारखे. तेही गेले, आणि आता त्यांच्या मुलाने इमारत पाडून नवी बांधायचे ठरवले. जूनअखेर वरचा मजला मोकळा करून हवा होता. काकूंचा मुलगा सुश्रुत बायको चिन्मयीबरोबर बंगळूरूला असतो. तो पुढच्या आठवड्यात येऊन आईला घेऊन जाणार होता. फ्रीज कुणाला, कूलर कुणाला, शिलाईचे मशीन कुणाला, सगळे ठरले होते. ठरले नव्हते ते एकच. देव कुठे जाणार?

स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात सागवानी देव्हारा होता. त्यात जोतिबा, खंडोबा आणि भवानीचे चांदीचे टाक, अंगठ्याएवढे, घासून घासून नाकडोळे पुसट झालेले. शेजारी पितळी बाळकृष्ण. आणि वाटीभर तांदळात बसलेली अन्नपूर्णा, जी काकूंच्या आईने लग्नात त्यांच्या हातात दिली होती. गावाकडे थोरले दीर वारल्यावर तिथे करणारे कुणी उरले नाही, म्हणून कुळाचे टाक चंदीगडला आले होते. काकूंनी ते नव्या खणात बांधून आगगाडीत सबंध प्रवासभर मांडीवर ठेवले होते.

सुश्रुतने फोनवर स्पष्टच सांगितले होते. ‘आई, आमच्याकडे एक तसबीर आहे, तेवढी पुरे. नवरात्र, चंपाषष्ठी, नैवेद्य, हे चिन्मयीच्याने व्हायचं नाही आणि माझ्याने तर नाहीच. नाही झालं की तू मनाला लावून घेणार. त्यापेक्षा तिकडेच काय ती सोय कर.’

‘अन्नपूर्णा तरी? ती माझी आहे रे.’

‘एक आला की मागोमाग सगळे येतात. तुझे देव मला माहीत आहेत.’ तो हसला होता. काकूंना हसू आले नव्हते.

पुण्यातल्या पुतण्याला विचारले, तर त्याने आपले टाक केव्हाच वेगळे करून घेतले होते. एका घरात दोन जोतिबा कशाला, म्हणाला.

तेव्हा काकूंनी मनाशी ईश्वरीचे नाव धरले.

त्याला कारण होते. चार वर्षांपूर्वी मराठी मंडळाच्या गणपतीत ही मुलगी पहिल्यांदा दिसली, सावळी, कुरळ्या केसांची, एका कोपऱ्यात उभी. मंडळाचे चिटणीस वामनराव आठल्ये यांनी आडनाव विचारले, तर म्हणाली भिवाजी. तिचे पूर्वज कोकणातून जहाजाने उसाच्या मळ्यांत राबायला गेलेले. वामनरावांनी लगेच माईक घेतला आणि सांगितले, ‘शंभर-सव्वाशे वर्षांनी आपली हरवलेली लेक माहेरी आली आहे.’ टाळ्या पडल्या. कुणीतरी आरतीचे तबक तिच्या हातात दिले. तिला आरती सबंध पाठ होती, कारण तिथे शाळेत मराठी शिकवतात. शेवटी ती म्हणाली, ‘आपण मला आदर दिलात, मी आपली अत्यंत ऋणी आहे,’ तेव्हा सगळी बायकामंडळी मायेने हसली होती. पुढच्या वर्षी ती होस्टेल सोडून काकूंकडे राहायला आली.

गुडघ्यांमुळे काकूंना खाली बसणे जमेना, तेव्हापासून देवांची पूजा ईश्वरीच करायची. सकाळी खालच्या कुंपणावरची तगर तोडून आणायची. पितळेला चिंच आणि टाकांना भस्म हे तिला एकदाच सांगावे लागले. तिची पुस्तकी मराठी जाऊन तिथे काकूंची मराठी आली. ‘काय बाई उकडतंय,’ असे ती म्हणायची तेव्हा बंगळूरूच्या सुनेपेक्षा तीच कऱ्हाडची वाटायची.

सोमवारी सकाळी पूजा आटोपून ईश्वरी उठली, तेव्हा काकूंनी तिला खुर्चीशेजारी बसवून घेतले.

‘ईशू, मी ठरवलंय. देव तुझ्याबरोबर द्यायचे.’

ईश्वरी हातातली निरांजनाची काडी विझली तरी धरून बसली.

‘तुमचे देव?’

‘तुझेच म्हणायचे आता. तीन वर्षं कोण करतंय? तुमच्या लोकांचे देव जहाजावर चढताना मागे राहिले असतील. आता हे जातील तुझ्याबरोबर. विमानाने.’

‘बरं, काकू,’ ती म्हणाली. एवढेच. नंतर विद्यापीठातून कागदपत्रे आणायला गेली ती संध्याकाळी उशिरा आली, आणि डोके दुखते म्हणून न जेवता पडून राहिली. जायचे दिवस आले म्हणून पोरीचे मन उडाले, असे काकूंना वाटले. त्यांनी मशीन शेवटचे उघडले आणि जुन्या इरकली लुगड्याच्या काठाची, आतून कापूस भरलेली एक पिशवी शिवायला घेतली. प्रत्येक देवाला वेगळा कप्पा.

मंगळवारी वामनराव आले. निवृत्तीनंतरही ते सेक्टर सतरामधल्या बँकेत जायच्या वेळेलाच घराबाहेर पडत. कूलरसमोरची खुर्ची घेऊन त्यांनी पिशवी बघितली आणि काय बेत आहे ते ऐकून घेतले.

‘वहिनी, रागावू नका. कुळाचे देव कुळाबाहेर देतात का कुठे?’

‘कुळात कुणी घेत नाही, भाऊजी.’

‘पण परदेशात? समुद्रापलीकडे?’

‘तिच्या दृष्टीनं परदेश हा आहे. ती घरी निघालीय.’

वामनरावांनी चहाचा घोट घेतला. ‘ते खरं. आणि पोरगी सोन्यासारखी आहे. माईकवर मी उगाच नव्हतो बोललो.’ मग चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, ‘तरी नाहीच जमलं तर मंडळाच्या खोलीत कपाट आहे. सांगून ठेवतो.’

आतल्या खोलीत ईश्वरी पुस्तके खोक्यात भरत होती. तिने हे सगळे ऐकले असणार. खोके भरण्याचा आवाज मधेच थांबला होता.

बुधवारी दुपारी बाहेर लू, भाजणारा कोरडा वारा, वाहत होती. काकू पिशवीला बंद लावत होत्या. ईश्वरी येऊन समोर जमिनीवर बसली.

‘काकू, मला देव नेता येणार नाहीत.’

‘कस्टमवाले अडवतात होय? वामनभाऊजी मंडळाच्या कागदावर लिहून देतील.’

‘कस्टम नाही. घरी.’

‘घरी काय?’

‘आई चर्चला जाते. बाबा गेल्यापासून. त्या वर्षी आमचा गणपती बोळवला, तो परत आणलाच नाही. आमच्या चर्चचे लोक घरात मूर्ती ठेवत नाहीत. आईचा त्यावर फार विश्वास आहे. बाबांच्या आजारपणात तेच लोक रोज येत होते, बाकी कुणी येत नव्हतं.’

काकूंची सुई जिथे होती तिथेच राहिली.

‘आणि तू?’

‘मीपण जाते.’ ती खाली बघून बोलत होती. ‘रविवारी मी लायब्ररीत जात नव्हते.’

काकूंना पहिल्यांदा आठवला तो डबा. दर रविवारी लायब्ररीत पोरगी उपाशी राहील म्हणून त्या डबा भरून देत. जास्तीचा, कारण मैत्रिणी असतात म्हणायची.

‘मग डबा कोण खायचं?’

‘सगळे. तुमचं थालीपीठ तिथं सगळ्यांना माहीत आहे. पास्टरसुद्धा विचारायचे.’

दुसऱ्या एखाद्या दिवशी काकू यावर हसल्या असत्या. त्यांनी दोरा दाताने तोडला.

‘तीन वर्षं माझ्या देवांना आंघोळ घातलीस. तेव्हा तुझ्या मनात काय असायचं?’

‘बरं वाटायचं. बाबांची आठवण यायची. ते खोटं नव्हतं, काकू. सांगितलं नाही, एवढंच खोटं.’

‘का नाही सांगितलंस?’

‘कधी सांगणार? मला काही विचारायच्या आधी वामनकाकांनी माईकवर सांगून टाकलं होतं. सगळे इतके खूश झाले. मग दर दिवशी वाटायचं, आता उशीर झाला.’

काकू उठल्या, पिशवी घडी करून मशीनच्या खणात ठेवली आणि खण लावून घेतला. त्या दिवशी त्या तिच्याशी आणखी काही बोलल्या नाहीत. जेवण वाढले, पाणी ठेवले, कूलर तिच्या बाजूला वळवला. ती चर्चला जाते याचा त्यांना राग आला होता का, हे त्यांनी स्वतःलाच विचारून पाहिले. तसे नसावे. खालच्या मजल्यावरच्या सरदारीण बीजी रोज गुरुद्वाऱ्यात जायच्या आणि काकू त्यांच्या हातचा कडाहप्रसाद खायच्या. मनात रुतले होते ते वेगळेच. देवांची सोय झाली या समाधानात त्या दोन रात्री निर्धास्त झोपल्या होत्या, आणि ते समाधान आता कुठूनच परत येणार नव्हते.

गुरुवारी सकाळी ईश्वरीने पूजेला हात लावला नाही. आंघोळ करून देव्हाऱ्यापासून दूर, दारात उभी राहिली. शेवटी काकूच म्हणाल्या, ‘उभी काय राहिलीस. फुलं आण. माझे गुडघे कालचे आहेत तेच आजही आहेत.’ ती धावत खाली गेली.

मग काकू रिक्षाने मंडळाच्या खोलीवर गेल्या. वामनराव किल्ल्या घेऊन आले होते.

‘पोरीनं नाही म्हटलं का?’

‘तिच्याकडे जागा नाही,’ काकू म्हणाल्या. ‘लहान घर आहे.’

‘बघा. मी म्हणत नव्हतो?’

कपाट लोखंडी होते. वरच्या कप्प्यात लेझिमा, फाटकी ढोलकी आणि गुंडाळलेला गणेशोत्सवाचा फलक. खालच्या कप्प्यात डांबरगोळ्यांचा वास येत होता आणि बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे होते. वामनरावांनी एक उघडला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला गणपती, एक शंख, दोन टाक. त्यांवरचे कुंकू वाळून काळे पडले होते.

‘हे कुणाचे?’

‘एअर फोर्समधल्या कुणाचे तरी. विंग कमांडर होते, एकाएकी बदली झाली. नंतर नेतो म्हणाले.’

‘आणि तो दुसरा?’

‘तो माझ्या आधीपासून आहे. काही कल्पना नाही बुवा.’ वामनरावांनी झाकण लावले. ‘पण सुरक्षित आहेत. किल्ली माझ्याकडेच असते.’

काकूंनी त्या अंधाऱ्या कप्प्याकडे पुन्हा एकदा पाहिले. आपल्या डब्याची जागा कुठली असेल हे दिसतच होते, दोन डब्यांच्या उजवीकडे. ‘नको, भाऊजी,’ त्या म्हणाल्या. ‘वाहत्या पाण्यात सोडते.’

‘जूनमध्ये वाहतं पाणी कुठं मिळायचं इथं?’

मंडळाचा गणपती जातो ती घग्गर नदी या दिवसांत नुसती वाळू असते. घरी आल्यावर त्यांनी ईश्वरीला विचारले, ‘उद्या माझ्याबरोबर पिंजौरला येशील? तिथल्या नदीत अजून थोडं पाणी असतं. एकटीला चढउतार जमायचा नाही.’

‘मी आलेलं चालेल?’

‘मी विचारतेय म्हणजे चालेल.’

शुक्रवारी सकाळी पूजा झाली, दूधभाताचा नैवेद्य झाला. काकूंनी मशीनच्या खणातून ती पिशवी काढली. शिवलेली होतीच. देव आपापल्या कप्प्यांत बसले. सतराच्या स्टँडवरून काल्क्याची बस मिळाली. खिडकीतून तापलेला वारा येत होता आणि वाटेतल्या बहाव्यांची पिवळी फुले रस्त्यावर पडून सुकली होती. याच रस्त्याने शंकरराव सुश्रुतला घेऊन पिंजौरच्या बागेत जायचे, कारंजी बघायला. काकूंनी पिशवी मांडीवर धरली होती, दोन्ही हातांनी, गावाहून देव आणताना खण धरला होता तशीच.

पिंजौरला उतरून ऑटोने नदीच्या पुलाशी गेल्या. नदी म्हणजे पांढरे गोटे, पिशव्या, आणि मधून एक बारीक धार. पलीकडे कुणी ट्रक धूत होते. पुलाखाली सावलीत गुडघाभर पाण्याचा एक डोह तेवढा उरला होता. काकू काठावरच्या दगडावर बसल्या. ईश्वरीने चपला काढल्या, सलवार वर खोचली आणि पाण्यात उतरली.

‘बोलायचं काय असतं, काकू?’

‘काही नाही. नाव घ्यायचं.’

काकूंनी पहिला टाक तिच्या ओल्या हातात दिला. ‘जोतिबा.’

‘जोतिबा,’ ती म्हणाली, आणि वाकून डोहात सोडला. मग खंडोबा. मग भवानी. मग बाळकृष्ण, तो भरीव असल्याने टपकन बुडाला. पाणी इतके उथळ होते की टाक तळाशी पडलेले दिसत होते, चकचकत. कालच भस्माने घासलेले.

‘वरून दगड ठेव,’ काकू म्हणाल्या. ‘नाहीतर कुणी तरी नेईल.’

ईश्वरीने गोटे उचलून एकेक वर रचले. दगडावर चांदी घासल्याचा आवाज पाण्यातूनही आला. तो ऐकून काकूंनी मान वळवली आणि ट्रक धुणाऱ्यांकडे बघत राहिल्या.

पिशवीत आता अन्नपूर्णा उरली होती. काकूंनी ती काढली, मूठ पुढे केली, पण मूठ उघडेना. ईश्वरी पाण्यात उभी राहून वाट बघत होती.

‘ही आईनं दिली होती मला,’ काकू म्हणाल्या. ‘लेक असती तर तिला दिली असती.’ आणि त्यांनी ती मूठ पाण्याकडे न धरता ईश्वरीकडे धरली.

ईश्वरीचा हात पुढे आला. निम्म्यातून मागे गेला.

‘लपवून ठेवावी लागेल, काकू. कपाटात, कपड्यांखाली. मला लपवायचा फार कंटाळा आलाय.’

काकूंनी हात मागे घेतला. ‘खरंय,’ त्या म्हणाल्या. त्यांनी अन्नपूर्णा परत पिशवीत ठेवली आणि बंद ओढला. परतीच्या बसमध्ये दोघींना एकत्र जागा मिळाली नाही.

शनिवारी काकूंनी दशम्या केल्या. दूध घालून पीठ मळले, दोन दिवस टिकतील अशा. ईश्वरी शेजारी उभी राहून शेंगदाणे कुटत होती. ‘विमानात उघडू नकोस हो. लसणाचा वास सुटला तर मधेच उतरवतील.’

‘उतरवलं तर इथेच परत येते.’

‘इथं कोण असणार आहे,’ काकू म्हणाल्या. ईश्वरीने आणखी शेंगदाणे कुटायला घेतले.

रविवारी दुपारी दिल्लीला नेणारी टॅक्सी खाली आली. ईश्वरीचे सामान उतरले. काकूंनी तिच्या तळहातावर दही घातले. ते खाऊन ती सवयीने कोनाड्याकडे वळली आणि थबकली. देव्हारा रिकामा होता, आत नुसते तेलाचे डाग. क्षणभर तिला कुठे वळावे कळले नाही. मग तिने मागे फिरून काकूंच्या पायांना हात लावला.

‘आईला सांग,’ काकू म्हणाल्या, ‘पोरीला वळण चांगलं लावलंयत म्हणून.’

‘आणखी काय सांगू?’

‘तुला जेवढं सांगवेल तेवढं.’

जिन्यात खालच्या बीजी मोठ्याने रडत होत्या, ‘हाय नी मेरी बच्ची,’ म्हणत. काकू रडल्या नाहीत. गॅलरीतून टॅक्सी कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत उभ्या राहिल्या, आणि वळल्यावरही थोडा वेळ.

संध्याकाळी सुश्रुतचा फोन आला. खोकी किती झाली, गॅसचे काय केले, असे सगळे विचारून झाल्यावर तो म्हणाला, ‘आणि देवांचं? ती मुलगी घेऊन गेली का?’

‘पोचवले,’ काकू म्हणाल्या.

‘सगळे?’

काकू स्वयंपाकघरात बसल्या होत्या. समोर बंगळूरूला न्यायचा तांदळाचा डबा होता. पिंजौरहून आल्यावर त्यांनी त्यात कोपरापर्यंत हात घालून अन्नपूर्णा अगदी तळाशी ठेवली होती.

‘हो, सगळे,’ त्या म्हणाल्या.

‘बरं झालं, आई. सुटलीस एकदाची. आणि सामान कमी आण हां, तो तांदूळ कशाला घेतेस? इथं काय तांदूळ मिळत नाही?’

‘असू दे,’ काकू म्हणाल्या. ‘इथला बासमती आहे. मला त्याची सवय झालीय.’

फोन ठेवून त्यांनी डब्याचे झाकण घट्ट बसले आहे का ते तपासून पाहिले. मुलाला कधी सांगायचे ते त्यांनी ठरवले नव्हते. तिथे पोचल्यावर एखाद्या दिवशी सांगू, असे त्यांना वाटत होते.